शिरवळ्या : दोन माणसांचा नाश्ता



मागच्या हिवाळ्यात आमच्या अम्मींचे उरलेसुरले दात काढावे लागले. कवळी बसवली, पण ती त्यांना मानवेना. जेवायच्या वेळी कवळी डबीत आणि अम्मी ताटावर, असा प्रकार सुरू झाला. ज्यांनी सारे आयुष्य ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाऊन काढले, त्यांना आता भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागे. आठवडाभर त्यांनी ती निमूटपणे खाल्ली. नंतर एके सकाळी वाटी बाजूला सरकवली आणि म्हणाल्या, "मैं क्या दूदपीता बच्चा हूँ?"

मग घरात रोज नवा प्रयोग. दलिया झाला, मऊ खिचडी झाली, चहात बुडवलेला पाव झाला. अम्मींना साखरेचाही त्रास आहे, त्यामुळे खीर-लापशी रोज देता येईना. वयस्कर माणूस घरात असलेल्या वाचकांना ही अडचण नवी नाही. दुपारचे आणि रात्रीचे कसेबसे निभते, सकाळच्या नाश्त्याला काय द्यायचे हा प्रश्न राहतो. आमच्या हिंगोलीकडे सकाळी एक तर शिळी-ताजी भाकरी, नाहीतर खिचडी-खट्टा. तिसरे काही पटकन सुचत नाही.

अशाच एका सकाळी आम्हाला राजापूरच्या खालांची आणि त्यांच्या शिरवळ्यांची आठवण झाली.

२००६ साली आम्ही शिक्षणसेवक म्हणून रत्नागिरी जिल्ह्यात रुजू झालो. दरमहा ३००० रुपये मानधन. मराठवाड्यातली आमच्यासारखी कितीतरी मुले त्या काळात कोकणात नोकरीला गेली. तिकडे जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळा पुष्कळ. आम्हाला मिळालेली शाळा राजापूर तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात होती. बेगम आणि अम्मी हिंगोलीत, आम्ही तिकडे. अंतर असे की ईदला घरी यायचे तर सुट्टीचे दोन-तीन दिवस प्रवासातच जायचे.

गावात एका खालांच्या घरी पडवीतली खोली भाड्याने मिळाली. जांभ्या दगडाचे घर, वर कौले, मागे नारळाची चार झाडे. खालांचे शोहर वारलेले. एक मुलगा कुवेतला, दुसरा मुंबईला. कोकणातल्या बऱ्याच मुस्लिम घरांची हीच तऱ्हा होती. पैसा येई, माणसे बाहेर. घरात खाला आणि आमच्याच शाळेत दुसरीला असलेली त्यांची नात, एवढीच वस्ती.

पहिल्याच शुक्रवारी सकाळी दार वाजले. खाला दारात उभ्या. "मास्तर, उठलात का? जरा हात लावा. एकटीनं होत नाही."

आम्हाला वाटले, कपाट-बिपाट हलवायचे असेल. स्वयंपाकघरात गेलो तर मधोमध एक लाकडी घोडीसारखी वस्तू ठेवलेली. चार पाय, मध्ये भोक, भोकाखाली बारीक छिद्रांची पितळी चकती, आणि वरून आत घुसणारा लाकडी दट्ट्या. दट्ट्याला लांब दांडा. चुलीवर आधणात तांदळाच्या पिठाचे मुठीएवढे गोळे उकळत होते. खालांनी एक गोळा झाऱ्याने काढला आणि वाफाळताच भोकात टाकला. "आता दाबा."

आम्ही दाबले. काही झाले नाही. "मास्तर, जेवला नाहीत का काल?" मग दांड्यावर सगळा भार टाकला, तेव्हा कुठे चकतीखालून पांढऱ्याशुभ्र तारा उतरू लागल्या. खालांनी खाली ताटली धरली होती. ती त्या गोल फिरवत होत्या, त्यामुळे तारांची छान वेटोळी बसत होती. आम्ही थांबलो की त्या म्हणत, "थांबू नका, गार झालं की दगड होतो." वीस-पंचवीस गोळे काढले तेव्हा आमचा कुर्ता घामाने चिंब झाला होता.

मग नारळाच्या दुधात गूळ विरघळवून, वेलची घालून केलेला रस आला. त्यात त्या शिरवळ्या. आमच्याकडे नारळ म्हणजे वाळलेले खोबरे, तेही भाजून मसाल्यात घालायचे. ओल्या नारळाचे दूध त्या दिवशी पहिल्यांदा चाखले. तांदळाला स्वतःची अशी फार चव नसते, म्हणून तर तो रस इतका लागतो. आम्ही तीन ताटल्या खाल्ल्या. खालांनी चौथी वाढली आणि म्हणाल्या, "दाबणाऱ्याचा हक्क आहे."

पुढे हा नियमच झाला. ईद असो, कुणी पाहुणा येवो, मुंबईचा मुलगा सुट्टीवर येवो, खाला पीठ भिजवण्याआधी आमच्या दारावर थाप मारत. आम्ही नसलो तर शिरवळ्या होत नसत. गावात इतर घरी पाहिले तेव्हा कळले की रीतच अशी आहे. दट्ट्यावर घरातला पुरुष किंवा थोरला मुलगा, ताटली फिरवायला बाई. सिंधुदुर्गात यांना शिरवाळे म्हणतात, तिकडेही हेच. ज्या घरातले पुरुष गल्फला किंवा मुंबईला गेले, त्या घरातला लाकडी साचा हळूहळू माळ्यावर गेला.

२०१८ साली आमची आंतरजिल्हा बदली झाली आणि आम्ही हिंगोलीला परत आलो. शिरवळ्या तिकडेच राहिल्या. त्या दिवशी अम्मींनी वाटी सरकवली तेव्हा त्या आठवल्या. मऊ, गरम, दातांशिवाय खाता येणाऱ्या, आणि गूळ वगळला तर साध्या डाळीबरोबरही चालणाऱ्या.

आम्ही मास्तर माणूस. खुर्चीवर बसलो आणि बेगमना कृती सांगितली. बेगमनी कधी शिरवळी पाहिलेली नव्हती. लाकडी साचा हिंगोलीत कुठून आणणार? चकलीचा पितळी सोऱ्या होता, त्यात बारीक शेवेची चकती घातली.

पहिल्या दिवशी पीठ गार पाण्यात भिजवले गेले. सोऱ्यातून तारा निघाल्या खऱ्या, पण वाफवल्यावर त्यांचा भुगा झाला. याचे कारण वर्गात शिकवण्यासारखे आहे. गव्हात चिवटपणा आणणारे प्रथिन असते, ज्याला ग्लुटेन म्हणतात. म्हणून गव्हाची कणीक गार पाण्यातही ताणली जाते आणि आपल्या बायका पाटावर केसासारखी शेवई ओढू शकतात. तांदळात ग्लुटेन नसते. त्याला बांधून ठेवते ते पिठूळ सत्त्व, म्हणजे स्टार्च, आणि ते गरम पाण्यात फुगल्याशिवाय चिकट होत नाही. म्हणून तांदळाच्या पिठाची आधी उकड काढावी लागते. भाकरीसाठी ज्वारीचे पीठ गरम पाण्यात मळतात, त्याचेही कारण हेच.

दुसऱ्या दिवशी उकड नीट झाली, पण तारा सारख्या तुटत. पीठ पाहिले तर त्यात ज्वारीचा अंश. गिरणीत आमच्या आधी कुणाची तरी ज्वारी दळली होती. तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून, आधी गिरणीत मूठभर आपलाच तांदूळ टाकून मग दळून आणला आणि बारीक चाळला. तिसऱ्या दिवशी जमले. इडलीच्या भांड्याच्या साच्यांवर वेटोळी घातली, दहा मिनिटे वाफवली, आणि मुगाच्या पातळ डाळीबरोबर अम्मींना दिली. अम्मींनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, वाटी संपवली आणि विचारले, "और है क्या?" घरात ईद झाल्यासारखे वाटले.

इथे एक फरक सांगायला हवा. कोकणात गोळा आधी उकळतात आणि मग दाबतात. त्या शिजलेल्या गोळ्याला फार जोर लागतो, म्हणून तो लाकडी साचा. दक्षिणेकडे उकड मळून आधी दाबतात आणि मग वाफवतात. आमच्या सोऱ्यात दुसरीच रीत शक्य होती. तामिळनाडूत आणि केरळात याला इडियप्पम म्हणतात. केरळात नूलप्पम असेही नाव आहे, नूल म्हणजे सूत. कोडगूत हाच प्रकार नूपुट्टू, गोव्यात शेवयो, कर्नाटकात शाविगे. श्रीलंकेत तो डाळीबरोबर आणि खोबऱ्याच्या तिखट चटणीबरोबर रोजच्या नाश्त्याला असतो. तामिळ लोकांनी तो मलेशियापर्यंत नेला, तिथे त्याला पुटू मायम म्हणतात आणि खवलेल्या नारळाबरोबर तांबड्या साखरेत खातात. तामिळ मुस्लिम घरांत इडियप्पम आणि पाया ही जोडी प्रसिद्ध आहे. आपण नान-पाया खातो, ते इडियप्पम-पाया खातात. खालांच्या कुवेतच्या मुलाने एकदा सांगितले होते की तिकडच्या अरब घरांतही गोड शेवयांचा नाश्ता असतो. त्याला बलालीत म्हणतात. त्यात केशर-वेलची असते आणि वर चक्क अंड्याचे ऑम्लेट. पण त्या शेवया गव्हाच्या.

साचाही काही आजचा नव्हे. चालुक्यांच्या काळात, इ. स. १०२५ च्या सुमारास, चावुंडराय नावाच्या लेखकाने कन्नडमध्ये 'लोकोपकार' नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात शाविगे करण्याची रीत आणि ती दाबून काढण्याचा साचा, दोन्हींचा उल्लेख आहे. म्हणजे हजार वर्षे कुणीतरी दाबते आहे आणि कुणीतरी खाली ताटली धरते आहे.

ही सगळी माहिती आम्ही मोठ्या हौसेने शाळेत सांगितली, शेजारी सांगितली, जावयाला फोनवर सांगितली. 'आमच्या' शिरवळ्यांचे कौतुक चालू होते. तेवढ्यात रमजान आला.

अम्मींना आजारपणामुळे रोजे झेपत नाहीत, पण सहरीला सगळ्यांबरोबर दस्तरखानावर बसायचा त्यांचा हट्ट असतो. सहरीला शिरवळ्या पोटाला हलक्या पडतात, मुलांनाही आवडू लागल्या होत्या. त्यामुळे रोज पाच माणसांच्या शिरवळ्या होऊ लागल्या. आम्ही तहज्जुदला उठत होतो, तिलावत करत होतो. दस्तरखान लागला की येऊन बसत होतो. स्वयंपाकघरात काय चालते तिकडे आमचे लक्ष नव्हते.

बाराव्या की तेराव्या रोज्याची सहरी असेल. अम्मींसमोर वाटी ठेवली. त्यांनी हात लावला नाही. आम्हाला वाटले, झाले, याचाही कंटाळा आला. विचारले, "अम्मी, खाते नै? नरम हैं ना?"

अम्मी म्हणाल्या, "पैले इसका हात देख."

बेगमनी उजवा हात ओढणीखाली घेतला होता. मनगट सुजून टम्म झाले होते आणि त्यावर जुन्या ओढणीची पट्टी घट्ट बांधलेली. सोऱ्याचा दांडा फिरवून फिरवून अंगठ्यापासून कोपरापर्यंत कळ जात होती. किती दिवस? "पहिल्या रोज्यापासून," असे धाकट्या मुलीने सांगितले. बेगम काहीच बोलल्या नाहीत. शेवया फिरवणारी, डाळ घोटणारी, इफ्तारीची भजी तळणारी, सगळी कामे त्याच हाताने चालू होती. ज्यांना नीट दिसत नाही त्या अम्मींना ते दिसले. आम्हाला दिसले नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितले की मनगटाच्या शिरा म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या सुजल्या आहेत. औषध देतो, पण खरे औषध आराम. सहा आठवडे पिळणे, दाबणे, जड उचलणे बंद. डॉक्टरांनी सहज विचारले, "घरात दुसरे कुणी नाही का?" आम्ही बाजूलाच उभे होतो. त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही काय देणार?

घरी येताना खाला आठवल्या. बारा वर्षे परक्या घरात आम्ही दट्ट्यावर उभे राहिलो, कारण खालांनी पहिल्याच शुक्रवारी दार ठोठावून सांगितले होते की हे एकटीने होत नाही. त्यांना सांगण्यात कमीपणा वाटला नाही आणि आम्हाला करण्यात. मग आपल्याच घरी आम्ही खुर्चीवर कसे बसलो? कृती सांगितली, तांदळाचे गुण सांगितले, चालुक्यांचा ग्रंथ सांगितला. एक गोष्ट सांगायची राहिली, ती म्हणजे शिरवळ्या दोन माणसांनी करायच्या असतात. कृतीतला तोच भाग आम्ही विसरलो, जो आमच्या वाट्याचा होता.

सातवीच्या वर्गात त्या आठवड्यात एक प्रश्न विचारला. उन्हाळ्यात घरी शेवया-कुरडया कोण करते? हात वर झाले. अम्मी, दादी, फुफू, खाला. मग विचारले, अब्बा काय करतात? मागच्या बाकावरून उत्तर आले, "अब्बा खाते सर." वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण ते हसू घशात अडकले.

खरे तर आपल्याकडचा शेवयांचा उन्हाळाही एकट्या बाईचा कधीच नव्हता. आम्ही लहान असताना गल्लीतल्या चार घरच्या बायका एकत्र बसत. बन्सी गहू ओलवून दळायचा, चाळायचा, कणीक मुरवायची. बाजेला किंवा बाकाला शेवयांचे यंत्र आवळायचे. एकीने दांडा फिरवायचा, दुसरीने खाली काठी धरून शेवया झेलायच्या, तिसरीने त्या दोरीवर वाळत घालायच्या. कुरडयांचे तेच. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक काढायचा, तो चुलीवर घोटायला एकीचा हात पुरत नसे. ज्या घरी चीक शिजला त्या घरच्या पोरांना बशीभर चीक गूळ घालून मिळायचा. आता गल्लीतल्या त्या बायका आपापल्या घरी एकट्या झाल्या. बऱ्याच जणी विजेच्या यंत्रावरून शेवया करून आणतात, त्यात वाईट काही नाही. पण जे काम अजून हाताने होते, ते चार जणींवरून एकीवर आले आहे. मदतीचे हात कमी झाले, खाणारी तोंडे तेवढीच राहिली.

आपण सीरतच्या जलशांना जातो, आम्ही तर शाळेत त्यावर निबंधस्पर्धा घेतो. हजरत आयशा (रजि.) यांना विचारले गेले की हुजूर (स.) घरात काय करत असत. तेव्हा त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. ही रिवायत आम्हाला पाठ होती. मुलांकडून पाठही करून घेतली होती. रमजानच्या त्या बारा सहरींना ती आमच्या कामी आली नाही, ही लाजेची गोष्ट इथे लिहिताना हात थोडा अडखळतो. पण वाचकांपासून लपवावे असेही वाटत नाही. ज्या घरी हे सदर वाचले जाते, त्या घरीही एखादे मनगट ओढणीखाली असू शकते.

उरलेल्या रमजानमध्ये आम्ही साडेतीनला स्वयंपाकघरात जाऊ लागलो. पहिल्या दिवशी सोऱ्या उलटा धरला. दुसऱ्या दिवशी उकड इतकी सैल झाली की तारांऐवजी गोळाच ओघळला. बेगम स्टुलावर बसून, हात गळ्यात अडकवून, सांगत होत्या, आम्ही करत होतो. आता कृती सांगणारी खुर्ची त्यांची होती. आठवीतला मुलगा तीन-चार दिवस नुसता बघत राहिला, मग म्हणाला, "अब्बा, इकडे द्या." त्याच्या हातात जोर आहे. आता दाबणे त्याच्याकडे, ताटली फिरवणे आमच्याकडे. ईदनंतर हे आठवड्यातून दोन दिवसांवर आणले, शुक्रवार आणि रविवार. इतर दिवशी अम्मींना मऊ खिचडी किंवा दुकानात मिळणाऱ्या वाळवलेल्या तांदळाच्या शेवया वाफवून देतो. घरच्यासारख्या नाहीत, पण कुणाचे मनगट जात नाही.

ज्यांना करून पाहायच्या असतील त्यांच्यासाठी आमच्या घरी आता ठरलेली रीत देतो.

दोन वाट्या तांदळाचे बारीक चाळलेले पीठ घ्यावे. कोलमसारखा साधा, शक्यतो जुना तांदूळ बरा. नव्या तांदळाला पाणी कमी लागते आणि तो चिकट होतो. दोन वाट्या पाण्यात चवीपुरते मीठ आणि चमचाभर तेल घालून खळखळ उकळावे. गॅस बंद करून पीठ घालावे, उलथन्याच्या दांड्याने हलवावे आणि पाच मिनिटे झाकून ठेवावे. हाताला सोसेल इतपत गरम असतानाच, पाण्याचा हात लावून, खडे राहणार नाहीत असे मळावे. लागले तर गरम पाणी थोडे थोडे घालावे. गोळा कोरडा राहिला की दाबणाऱ्याचा जीव जातो, हे आता आम्ही अनुभवाने सांगतो. सोऱ्याला आतून तेल लावावे, इडलीच्या साच्यालाही लावावे. गोळा गरम आहे तोवर दाबावा. एकाने दाबावे, दुसऱ्याने साचा फिरवावा. आठ ते दहा मिनिटे वाफवावे.

रसासाठी एक नारळ खवून, वाटीभर कोमट पाणी घालून वाटावा आणि कापडातून पिळावा. पिळण्याचे कामही जोराचे आहे, ते पुरुषांनी घ्यावे. त्या दुधात पाऊण वाटी किसलेला गूळ आणि वेलची घालावी, गूळ विरघळला की झाले. उकळू नये, गुळाबरोबर नारळाचे दूध फाटते.

साखरेचा त्रास असलेल्यांनी हे लक्षात घ्यावे की शिरवळी म्हणजे शेवटी तांदूळच. मऊ आहे म्हणून जास्त खाऊ नये. गुळाचा रस टाळावा. डाळ, उकडलेले अंडे किंवा कोंबडीचा पातळ शोरबा याबरोबर थोड्याच घ्याव्यात आणि आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. दात नसलेल्या माणसाला देताना तारा कात्रीने किंवा चमच्याने बारीक कराव्यात, लांब तार घशात अडकू शकते. माणसाला नीट बसवून, सावकाश भरवावे.

बेगमचे मनगट आता बरेच सुधारले आहे. थंडीत अजून दुखते. त्यांना आम्ही माफी मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्हाला वेळ कुठे असतो." त्या ते खरेच म्हणाल्या की टोमणा मारला, हे आम्हाला अजून कळलेले नाही. दोन्ही असेल.

या ईदला राजापूरला फोन केला. खाला दोन वर्षांपूर्वी अल्लाहला प्यारी झाल्या, हे तेव्हा कळले. फोनवर त्यांची ती दुसरीतली नात होती, आता कॉलेजात शिकते. आम्ही इकडची सगळी हकिकत सांगितली. ती म्हणाली, साचा अजून घरी आहे, माळ्यावर. दादी गेल्यावर काढलाच नाही, दाबणार कोण? मग जरा थांबून म्हणाली, "सर, अब्बा पुढच्या महिन्यात कुवेतहून कायमचे परत येतायत. त्यांना सांगते."

आम्ही म्हटले, जरूर सांग. आणि पीठ भिजवण्याआधी सांग.

खालांच्या मगफिरतीसाठी वाचकांनी दुआ करावी. पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, पुन्हा भेटू.